उतारवयातील वादन : पियानोवादक जे मॅक्शॅन यांच्या उत्तरकालीन ध्वनिमुद्रिका

कलावंताच्या आयुष्याची विभागणी आपण सामान्यतः एका ठरावीक रीतीने करतो. प्रारंभी उमेदवारी, मग बहराचा काळ आणि त्यानंतर उतार. चरित्रकारही बहुधा याच वाटेने जातात. बहराच्या काळास पाच-सहा प्रकरणे देतात आणि उत्तरायुष्य एखाद्या प्रकरणात उरकून टाकतात. आम्ही शिक्षक मंडळी यास अपवाद नाही. एखाद्या कवीच्या अखेरच्या रचनांविषयी विद्यार्थ्याने विचारले, तर ‘प्रतिभेला ओहोटी लागली होती’ हे छापील उत्तर आम्ही किती वेळा दिले असेल, याची आठवण आता फारशी सुखाची वाटत नाही.

हा विषय आज मनात येण्यास एक लहानसा प्रसंग कारण झाला. आमच्या शाळेत पूर्वी संगीत शिकविणारे एक वयोवृद्ध गृहस्थ आहेत. जुन्या नाट्यपदांच्या व भजनांच्या कितीतरी चाली त्यांच्यापाशी आहेत. त्यांतील काही आमच्या गावात आता दुसऱ्या कोणास ठाऊक नाहीत. त्या ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात अशी विनंती घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चहा दिला, पेटीवरची धूळ पुसली आणि नम्रपणे नकार दिला. “आता गळा राहिला नाही, बोटेही वळत नाहीत. पंचवीस वर्षांपूर्वी यायला हवे होतेत, हेडमास्तर,” असे ते म्हणाले. संगीताच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालण्याचा अधिकार आम्हांस नव्हता. परंतु घरी परतताना, ज्यांच्या ध्वनिमुद्रिका गेली काही वर्षे आम्ही आवडीने ऐकत आलो आहोत, त्या जे मॅक्शॅन या अमेरिकन पियानोवादकाचा विचार मनात घोळत राहिला. त्यांच्या उतारवयातील कामगिरीचा परिचय वाचकांस करून द्यावा, असे त्यामुळे योजले आहे.

जॅझ आणि ब्लूज हे शब्द आपल्या वाचकांस अगदीच अपरिचित नसतील. १९३५ च्या सुमारास मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादकांचे ताफे येऊ लागले होते. टेडी वेदरफर्ड हे शिकागोत नावाजलेले पियानोवादक त्यांपैकीच एक. १९४५ साली कलकत्ता येथे पटकीच्या आजाराने त्यांचा अंत झाला. या मंडळींच्या सहवासात गोव्याचे अनेक वादक तयार झाले. फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट ही त्यांतील ठळक नावे. चिक चॉकलेट पुढे संगीतकार सी. रामचंद्र यांचे साहाय्यक झाले आणि १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटातील वाद्यमेळाला जो नवा झोक लाभला त्यात त्यांचा वाटा होता. तेव्हा हे संगीत आपल्या कानांवरून गेलेले आहे; त्याचे नाव काय, एवढेच पुष्कळांस माहीत नसते.

ब्लूज हा अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीयांच्या गीतांतून निघालेला प्रकार होय. त्याची रचना साधी आहे, पण ती ध्यानी घेतल्यावाचून मॅक्शॅन यांच्या वादनातील मर्म कळावयाचे नाही. एका आवर्तनात बारा खंड, व प्रत्येक खंडात चार मात्रा. म्हणजे एकंदर अठ्ठेचाळीस मात्रा. एकतालाच्या बारा मात्रांशी त्याची गल्लत करू नये. पहिले चार खंड षड्जावर उभारलेल्या स्वरसंघाचे असतात; पुढील दोन मध्यमाचे, मग दोन पुन्हा षड्जाचे; शेवटच्या चारांत पंचमाला स्पर्श करून मध्यमाच्या वाटेने षड्जावर विसावावयाचे. शब्दांची मांडणीही तशीच तीन पायऱ्यांची असते. एक ओळ म्हणावयाची, तीच पुन्हा म्हणावयाची आणि तिसऱ्या ओळीने तिला उत्तर द्यावयाचे. प्रत्येक ओळीच्या वाट्याला चार खंड येतात. त्यांपैकी अडीच खंडांत गायक आपले म्हणणे पुरे करतो आणि उरलेल्या जागेत वाद्य त्याच्याशी बोलते.

या संगीतात गांधार आणि निषाद हे स्वर शुद्ध व कोमल यांच्या मध्ये कोठेतरी लागतात. गळ्याला ते सहज साधते, तंतुवाद्यालाही साधते. पियानोची मात्र पंचाईत होते, कारण आपल्या पेटीप्रमाणेच त्यालाही मींड नाही. ब्लूज वाजविणाऱ्यांनी यावर तोड काढली ती अशी : कोमल स्वराची पट्टी दाबून बोट तत्काळ शेजारच्या शुद्ध स्वरावर घसरवावयाचे, अथवा दोन्ही पट्ट्या एकदम दाबावयाच्या. कानाला मग मधल्या स्वराचा भास होतो. जॅझ हे याच बीजातून व इतर अनेक धाग्यांतून वाढलेले संगीत असून, ठरलेल्या आराखड्यावर आयत्या वेळी केलेला विस्तार हा त्याचा प्राण आहे. आपल्याकडील मैफलीच्या श्रोत्यास ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही.

जेम्स कोलंबस मॅक्शॅन यांचा जन्म १९१६ साली ओक्लाहोमा राज्यातील मस्कोगी या गावी झाला. त्यांनी पियानोचे रीतसर शिक्षण असे लहानपणी घेतले नाही. बहिणीला शिकविणी चालू असे, ती ऐकून ते वाजवू लागले. आणि रात्री उशिरा शिकागोच्या ग्रँड टेरेस नामक उपाहारगृहातून अर्ल हाइन्स यांचे वादन नभोवाणीवरून प्रक्षेपित होई, ते ऐकत त्यांनी आपला कान घडविला. १९३६ साली ते कॅन्सस सिटी येथे आले. त्या शहरावर तेव्हा टॉम पेंडरगास्ट या राजकीय पुढाऱ्याचा अंमल होता. रात्रभर उघड्या राहणाऱ्या पानगृहांना तेथे कसलाही अटकाव नव्हता, आणि मंदीच्या दिवसांत इतरत्र उपाशी मरणाऱ्या वादकांना त्यामुळे काम मिळे. ज्या कारभाराने शहराची नीती बिघडविली त्याच कारभाराच्या आश्रयाने एक संगीत पोसले गेले, ही गोष्ट नीतिपाठ देणाऱ्यांस अडचणीची असली तरी खरी आहे. १९३९ साली प्राप्तिकर बुडविल्याबद्दल पेंडरगास्ट यांस शिक्षा झाली आणि त्या रात्री सरत आल्या.

मॅक्शॅन यांनी येथेच आपला वाद्यवृंद उभारला. त्यात चार्ली पार्कर हा विशीतला सॅक्सोफोनवादक होता. पुढे ज्याने जॅझचे व्याकरणच बदलले, तोच हा. ३० एप्रिल १९४१ रोजी डॅलस येथे डेका कंपनीने या वृंदाचे पहिले ध्वनिमुद्रण केले. वृंदाच्या पोतडीत नव्या धर्तीच्या अनेक रचना होत्या, परंतु कंपनीच्या अधिकाऱ्यांना ब्लूजच हवे होते, कारण त्यास खात्रीचे गिऱ्हाईक होते. मागणीप्रमाणे ‘कन्फेसिन द ब्लूज’ ही चीज मुद्रित झाली. वॉल्टर ब्राउन यांनी ती गायिली आणि ती अतिशय खपली. इतकी, की पुढे चक बेरी आणि इंग्लंडचे रोलिंग स्टोन्स यांनीही ती आपापल्या परीने गायिली.

आता येथे थोडे थांबून विचार करावयास हवा. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मावत. त्यात गायकाच्या ओळी, वृंदाचे साज आणि पार्कर यांचे बारा खंड बसवावयाचे. वृंदाच्या प्रमुखाने पियानोवर काय करावे यास जागा कितीशी उरणार? १९४२ च्या प्रारंभी हा वृंद न्यू यॉर्कच्या सॅव्हॉय या नामांकित नृत्यगृहात वाजवून आला. त्याच वर्षाच्या ऑगस्टपासून अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार पुकारला. महायुद्धात मॅक्शॅन यांस सैन्यात बोलावणे आले आणि वृंद मोडला. त्यामुळे इतिहासात त्यांचे नाव राहिले ते ‘चार्ली पार्कर ज्यांच्याकडे होता ते गृहस्थ’ म्हणून. ज्या तबकड्यांवरून हे मत बनले, त्या त्यांच्या वादनाचा फार थोडा अंश दाखवीत होत्या. उमेदीच्या काळातील पुरावा हाच प्रमाण मानण्याची आपली सवय अशा वेळी आपणांस फसविते.

युद्धानंतर त्यांनी लॉस एंजेलिस येथे काही काळ काढला. तेथे त्यांच्या साथीने गाणाऱ्या जिमी विदरस्पून यांना मोठे यश मिळाले. पन्नाशीच्या दशकाच्या प्रारंभी ते कॅन्सस सिटीस परतले. १९५५ साली प्रिसिला बोमन यांनी त्यांच्या वृंदासह गायिलेले ‘हँड्स ऑफ’ हे गीत गाजले. परंतु एकंदरीत पाहता ही वर्षे विस्मृतीची होती. बहुतेक सहकारी न्यू यॉर्कला गेले होते, लोकांची आवड बदलली होती, आणि मॅक्शॅन आपल्या शहरातील लहान लहान जागी वाजवीत राहिले. दूरच्या राजधान्यांत कोणी दखल घेतली नाही म्हणून त्यांनी वाजविणे थांबविले नाही, ही गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. आपल्यासारख्या दूरस्थ केंद्रांतून भाषेचे व साहित्याचे काम करणाऱ्यांस हा अनुभव नवा नाही.

१९६६ साली कॅपिटॉल कंपनीने त्यांच्या पियानोवादनाची एक दीर्घ ध्वनिमुद्रिका काढली. तेव्हा त्यांचे वय पन्नास वर्षांचे होते. आमच्या व्यवसायात ज्या वयात माणसे निवृत्तिवेतनाचे हिशेब मांडू लागतात, त्या वयात या गृहस्थांचे दुसरे आयुष्य सुरू झाले. १९६९ पासून युरोपचे दौरे सुरू झाले आणि त्यानंतरच्या तीन दशकांत त्यांच्या ध्वनिमुद्रिकांची संख्या पूर्वायुष्यातील कामाच्या कितीतरी पुढे गेली.

या कामाचा मोठा भाग त्यांच्या स्वतःच्या देशात झाला नाही, हे ध्यानी ठेवण्यासारखे आहे. कॅनडातील टोरांटो शहरी जॉन नॉरिस आणि बिल स्मिथ हे दोघे ‘कोडा’ नावाचे जॅझविषयक नियतकालिक चालवीत. १९६८ साली त्यांनी सॅकव्हिल नावाची लहानशी ध्वनिमुद्रण संस्था काढली. ज्यांच्यावर लेख लिहावयाचा त्यांचे वादन नष्ट होऊ द्यावयाचे नाही, हा विचार त्यांनी प्रत्यक्षात आणला. सॅकव्हिलने १९७२ साली ‘द मॅन फ्रॉम मस्कोगी’ ही ध्वनिमुद्रिका मुद्रित केली. तीत मॅक्शॅन यांच्यासमवेत व्हायोलिनवादक क्लॉड विल्यम्स आहेत. तेही मस्कोगीचेच, वयाने आठ वर्षांनी वडील. काउंट बेसी यांच्या वृंदात ते प्रारंभी गिटार वाजवीत. १९३७ साली त्यांच्या जागी दुसऱ्याची नेमणूक झाली आणि वृंदाच्या पुढील कीर्तीत त्यांचा वाटा राहिला नाही. दोन गावकरी वृद्धत्वाच्या उंबरठ्यावर भेटतात आणि घाई न करता वाजवितात, असे या ध्वनिमुद्रिकेचे स्वरूप आहे. १९७६ साली सॅक्सोफोनवादक बडी टेट यांच्याबरोबर ‘क्रेझी लेग्ज अँड फ्रायडे स्ट्रट’ ही निघाली. तीत ही दोनच वाद्ये आहेत, ढोल नाहीत की खर्जाचे तंतुवाद्य नाही. १९७८ साली फॅट्स वॉलर यांना वंदन म्हणून त्यांच्या चिजांची ध्वनिमुद्रिका झाली, तीत तर एकटा पियानोच आहे.

या ध्वनिमुद्रिकांत नवे काय आहे? पहिली गोष्ट डाव्या हाताची. मोठ्या वृंदात ताल सांभाळावयास ढोलवादक असतो. पियानोचा डावा हात तेथे झाकला जातो. साथीदार कमी होताच तो ऐकू येऊ लागला. मॅक्शॅन यांचा डावा हात एका खंडात आठ आघातांची फिरती चाल अगदी समान वजनाने चालवितो; तिला बूगी-वूगी म्हणतात. कधी तो खर्जाचा स्वर देऊन वर झेप घेतो व स्वरसंघ वाजवून पुन्हा खाली येतो. या भक्कम पायावर उजवा हात लयीच्या किंचित मागे रेंगाळतो. ठेक्याच्या मागून येऊनही न चुकणे, ही गोष्ट आपल्याकडील जाणकार श्रोते चांगली ओळखतात.

दुसरी गोष्ट अवकाशाची. दीर्घ ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक वेळ मिळतो. तीन मिनिटांच्या सक्तीतून सुटलेला वादक एकाच ब्लूजची दहा-बारा आवर्तने सलग वाजवू शकतो. पहिल्या आवर्तनात दोन-चार स्वरांचा साधा बोल, दुसऱ्यात त्याचीच थोडी उलटापालट, मग स्वरसंघांची दाटी, मग पुन्हा विरळ मांडणी, असा क्रम लागतो आणि ऐकणाऱ्यास विस्ताराची दिशा कळते. मॅक्शॅन येथे गतीचे प्रदर्शन करीत नाहीत. सर्व काही सांगावयास वेळ आहे, हे कळलेल्या माणसाचे ते वादन आहे.

तिसरी गोष्ट गायनाची. तरुणपणी त्यांच्या वृंदात गाण्याचे काम इतरांचे होते. उतारवयात ते स्वतः गाऊ लागले. आवाज बारीक, किंचित अनुनासिक, पल्ला बेताचा. परंतु ओळ कोठे तोडावी आणि पियानोला कोठे बोलू द्यावे, हे गायक व साथीदार एकच असल्यामुळे अचूक साधते. १९७७ साली अटलांटिक कंपनीने मुद्रित केलेल्या ‘द लास्ट ऑफ द ब्लू डेव्हिल्स’ या ध्वनिमुद्रिकेत त्यांनी ‘कन्फेसिन द ब्लूज’ स्वतः गायिले आहे. १९४१ ची तबकडी व हे गायन लागोपाठ ऐकावे, अशी आमची वाचकांस शिफारस आहे. पहिल्यात एक खपणारी चीज ऐकू येते. दुसऱ्यात छत्तीस वर्षे ती सोबत बाळगलेला माणूस. या ध्वनिमुद्रिकेत बडी टेट, पॉल क्विनिशेट, जो न्यूमन यांसारखे जुने सोबती आहेत आणि त्यांच्याबरोबर जॉन स्कोफील्ड हा पंचविशीतला गिटारवादकही आहे. कॅन्सस सिटीच्या वृद्ध वादकांच्या पुनर्भेटीवर ब्रूस रिकर यांनी काढलेला त्याच नावाचा चित्रपट १९७९ सालचा. त्यातही मॅक्शॅन ठळकपणे दिसतात.

मानसन्मान त्यानंतर आले. १९८७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कलानिधीने त्यांस ‘जॅझ मास्टर’ हा किताब दिला. वादन मात्र चालूच राहिले. १९९९ साली, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, एडमंटन येथील स्टोनी प्लेन या संस्थेने ‘स्टिल जंपिन द ब्लूज’ ही ध्वनिमुद्रिका काढली, आणि २००३ साली ‘गोइंग टू कॅन्सस सिटी’. गिटारवादक ड्यूक रॉबिलार्ड हे वयाने कितीतरी लहान असलेले वादक या दोहोंत त्यांच्या साथीस होते. ७ डिसेंबर २००६ रोजी कॅन्सस सिटी येथे मॅक्शॅन यांचे निधन झाले. त्यांचे वय नव्वद होते.

या उत्तरकालीन कामावर आक्षेप घेता येणार नाही असे नव्हे. त्याच त्या चिजा पुनःपुन्हा येतात. शेवटच्या दशकात उजव्या हाताची झेप आखडलेली जाणवते. आवाज अधिकच बसलेला आहे. श्रोत्यांना जुन्या दिवसांची हौस असते आणि ती पुरविण्यासाठी काही ध्वनिमुद्रिका निघतात, हेही खरे. सर्वच सारख्या योग्यतेच्या आहेत असे आम्ही म्हणणार नाही. निवडावयाच्या झाल्या, तर सत्तरीच्या दशकातील सॅकव्हिलच्या आम्ही प्रथम निवडू. परंतु पुनरुक्तीचा आक्षेप आम्हांस फारसा पटत नाही. तोच राग गवई आयुष्यभर गातो, त्यास आपण पुनरुक्ती म्हणत नाही. आणि शक्ती उणावल्याविषयी म्हणाल, तर जे गेले त्याची भरपाई निवडीने झाली आहे. अनावश्यक स्वर गळून पडले. जे उरले त्यांना वजन आले. तरुण मॅक्शॅन यांना हे साधले असते किंवा नाही, याचा निर्णय करणे अवघड आहे, कारण तशी संधीच त्यांस कोणी दिली नव्हती.

यातून शिक्षकांनी व आपल्यासारख्या संस्थांनी घ्यावयाचा बोध दुहेरी आहे. उत्तरायुष्यातील कामाविषयी बोलताना ‘ओहोटी’ हा शब्द हातचा ठेवू नये; आधी ते काम पाहावे. आणि ज्यांच्यापाशी काही आहे त्यांच्याकडे वेळेवर जावे. मॅक्शॅन यांच्याकडे जाणारे मोठे व्यापारी नव्हते. एका नियतकालिकाचे संपादक होते. त्यांच्यापाशी होती ती साधने आज आपणांपैकी प्रत्येकाच्या खिशात आहेत. उणीव आहे ती जाण्याची.

त्या वृद्ध शिक्षकांकडे आम्ही दुसऱ्यांदा गेलो, तेव्हा ‘स्टिल जंपिन द ब्लूज’ बरोबर नेली होती. त्यांनी ती डोळे मिटून ऐकली. वादकाचे वय विचारले, ते आम्ही सांगितले. “डावा हात पक्का आहे अजून,” एवढेच ते म्हणाले. निघताना मात्र त्यांनी आम्हांस थांबविले. “पुढच्या गुरुवारी या. पण पेटी आधी दुरुस्त करून आणा, कोमल निषाद बोलत नाही.” पेटी आता दुरुस्तीस दिली आहे. सभासदांच्या घरी किंवा शेजारी अशी गाणी, कीर्तने, ओव्या अथवा कहाण्या मुखोद्गत असलेली वडीलधारी माणसे असतील, तर त्यांची नोंद संस्थेच्या कार्यालयाकडे अवश्य कळवावी, अशी विनंती करून हा लेख पुरा करतो.